शीआनचा तट : पाडता पाडता वाचलेला

चीनमधील भिंत म्हटली की भारतीय पर्यटकाच्या डोळ्यांसमोर उत्तर सीमेवरची महाभिंत उभी राहते. चिनी माणसाच्या रोजच्या जीवनाशी मात्र शतकानुशतके निगडित राहिली ती त्याच्या गावाभोवतीची भिंत. चिनी भाषेत ‘छंग’ या एकाच शब्दाने शहर आणि शहराचा तट या दोहोंचा बोध होतो. प्रांताची राजधानी असो वा लहानसे तालुक्याचे ठिकाण, भोवती कोट, दिशादिशांना वेशी आणि बाहेर पाण्याने भरलेला खंदक हा ठरलेला नकाशा असे. विसाव्या शतकात या कोटांपैकी बहुतेक भुईसपाट झाले. जे उरले त्यांत नानजिंगचा तट लांबीने मोठा, पण तो जागोजागी तुटलेला आहे. फिंगयावचा तट अखंड, परंतु गाव लहान. एक कोटीहून अधिक लोकवस्तीच्या महानगराच्या ऐन मध्यभागी पूर्ण वेढा घालून उभा असलेला तट पाहायचा, तर शान्शी प्रांताची राजधानी शीआन गाठावी लागते.

मातीच्या योद्ध्यांची सेना पाहण्यासाठी या शहरात येणारे पर्यटक तटासाठी बहुधा तास-दीड तास राखून ठेवतात. भाड्याची सायकल घ्यायची, थोडे अंतर फिरायचे, छायाचित्रे काढायची आणि खाली उतरायचे, असा हा कार्यक्रम असतो. तटाला याहून बराच अधिक वेळ द्यायला हवा. मात्र वर चढण्यापूर्वी आपण नेमके कोणत्या काळातले बांधकाम पाहत आहोत, हे समजून घेतलेले बरे. कारण या बाबतीत मार्गदर्शकांच्या बोलण्यात आणि इतिहासात पुष्कळ अंतर पडते.

ह्युएनत्संगाचे शहर हे नव्हे

शीआन म्हणजेच प्राचीन छांगआन, तांग सम्राटांची राजधानी. येथून निघालेला भिक्षू ह्युएनत्संग भारतभर फिरला, महाराष्ट्रात येऊन गेला, आणि चालुक्य नृपती दुसरा पुलकेशी व येथील मानी, लढाऊ लोक यांचे वर्णन त्याने लिहून ठेवले. इ. स. ६४५ मध्ये तो ग्रंथसंभार घेऊन छांगआनला परतला. त्यामुळे आजच्या तटाच्या पश्चिम दरवाजापाशी उभे राहून ‘ह्युएनत्संग येथूनच गेला’ किंवा ‘रेशीम मार्ग येथूनच सुरू होत असे’ असे सांगितले गेले की मराठी पर्यटकाला ते पटकन भावते. वस्तुस्थिती तशी नाही. तांगकालीन छांगआनचा बाहेरचा तट सुमारे ३६ किलोमीटर घेराचा होता आणि त्याने ८४ चौरस किलोमीटरच्या आसपास भूमी वेढली होती. पश्चिमेकडे जाणारे व्यापारी तांडे ज्या खाययुआन दरवाजातून बाहेर पडत, ती जागा आजच्या तटाच्या बरीच बाहेर, पश्चिमेकडे आहे.

शहर किती आकसले याचे उत्तम माप म्हणजे ह्युएनत्संगाने आणलेल्या ग्रंथांसाठी ६५२ मध्ये उभारलेला मोठा हंस पॅगोडा. त्या काळी तो नगराच्या आत होता. आज तो तटाच्या दक्षिण दरवाजापासून सुमारे चार किलोमीटर बाहेर आहे.

इ. स. ९०४ मध्ये सेनापती झू वन याने तांग सम्राटाला बळजबरीने लोयांगला हलवले. राजवाडे उतरवण्यात आले आणि त्यांचे लाकूड नदीच्या प्रवाहातून वाहून नेण्यात आले. ओस पडलेल्या त्या अफाट नगरीचे रक्षण करणे उरलेल्या लोकांच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून पुढच्या अधिकाऱ्याने केवळ मधली ‘राजनगरी’, म्हणजे पूर्वीच्या सरकारी कचेऱ्यांचा भाग, तेवढाच तटाने बंदिस्त केला. मिंग घराण्याचा संस्थापक होंगवू याच्या कारकिर्दीत, १३७० ते १३७८ या काळात, याच लहान कोटाची उत्तरेला आणि पूर्वेला वाढ करून आजचा तट उभा राहिला. होंगवू हा गरीब शेतकऱ्याचा मुलगा, बंडखोरांचा म्हातारा सल्लागार झू शंग याचा उपदेश त्याने मानला होता असे सांगतात : आधी तट उंच कर, धान्य साठव, राजपदाची घाई करू नको. सत्ता हाती आल्यावरही तो तट बांधत राहिला. शीआनला त्याने आपल्या दुसऱ्या मुलाची नेमणूक केली आणि मुलाच्या बंदोबस्तासाठी नगर मजबूत केले.

पर्यटक जो तट पाहतो तो असा मिंगकालीन आहे. दक्षिण आणि पश्चिम बाजूंच्या पोटात मात्र जुन्या राजनगरीच्या भिंतीचे थर आजही आहेत.

पोटात माती, अंगावर विटा

सह्याद्रीतल्या काळ्या कातळाच्या तटांवर नजर बसलेल्या माणसाला येथे पहिला धक्का बसतो तो बांधकामाच्या सामग्रीचा. हा तट मुळात मातीचा आहे. शीआनभोवतीचा सारा प्रदेश वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक पिवळ्या मातीचा. ती ओलसर करून फळ्यांच्या चौकटीत थराथराने घालायची, धुमसाने ठोकून घट्ट करायची, मग चौकट वर सरकवायची, ही तिथली प्राचीन रीत. तळाच्या थरात मातीबरोबर चुना आणि चिकट तांदळाची पेज मिसळली होती. वाळल्यावर हे मिश्रण दगडासारखे कठीण होते. विटांचे आवरण चढले ते जवळजवळ दोनशे वर्षांनी, १५६८ मध्ये. पुढे १७८१ मध्ये प्रांताधिकारी बी युआन याने मोठी डागडुजी करवून घेतली. आज हाताला लागणाऱ्या करड्या विटांतल्या कित्येक तर १९८३ नंतरच्या दुरुस्तीतल्या आहेत.

तटाचा घेर १३.७४ किलोमीटर, उंची सुमारे १२ मीटर, पायथ्याची रुंदी १५ ते १८ मीटर आणि माथ्याची १२ ते १४ मीटर. उंचीइतकीच किंवा तिच्याहून अधिक रुंदी, हे या बांधकामाचे वैशिष्ट्य. आपल्याकडील किल्ल्यांच्या फांजीवरून दोन माणसे जेमतेम जोडीने चालतात. येथे घोडदळाची तुकडी सहज दौडत जाऊ शकते. मातीच्या भिंतीला खरा शत्रू पावसाचा. म्हणून माथ्यावर विटांच्या फरसबंदीचे थर दिलेले आहेत आणि उतार आतल्या बाजूला ठेवलेला आहे. ते पाणी आतल्या अंगाने बांधलेल्या पन्हळींतून खाली उतरते. बाहेरच्या कडेला चर्या असलेली उंच भिंत आणि आतल्या कडेला चर्या नसलेला बुटका कठडा आहे. या कठड्याला चिनी भाषेत ‘मुलीची भिंत’ असे गोड नाव आहे. त्याचे काम लढाईचे नव्हे, आपलेच सैनिक धावपळीत आत कोसळू नयेत एवढेच.

बाहेरच्या अंगाला ठरावीक अंतरावर चौकोनी बुरूज पुढे आलेले दिसतात. त्यांची संख्या ९८ असून दोन बुरुजांमधले अंतर १२० मीटर आहे. हा आकडा सहज ठरलेला नाही. तटाच्या पायथ्याशी येऊन भिडलेला शत्रू वरच्या सैनिकाला सरळ खाली वाकल्याशिवाय दिसत नाही, आणि वाकावे तर तो स्वतःच बाणाच्या टप्प्यात येतो. पुढे आलेल्या दोन बुरुजांवरून मात्र मधल्या भिंतीवर दोन्ही बाजूंनी तिरपा मारा करता येतो. अंतराचा निम्मा भाग ६० मीटर. धनुष्याच्या परिणामकारक टप्प्यात तो नेमका बसतो. सायकलवरून जाताना कोणत्याही एका बुरुजाच्या टोकाशी थांबून मागे तटाकडे पाहिले की हे गणित कोणत्याही फलकाशिवाय समजते.

दरवाजा नव्हे, रांजण

मूळचे दरवाजे चार. दक्षिणेचा योंगनिंग, पूर्वेचा छांगल, उत्तरेचा आनयुआन आणि पश्चिमेचा आनडिंग. चारही नावांत शांती, आनंद, स्थैर्य अशा अर्थाची अक्षरे आहेत. रचना मात्र अगदी निर्दय आहे. प्रत्येक प्रमुख दरवाजाला एकामागून एक तीन मनोरे. सर्वांत बाहेर, खंदकावरच्या उचलत्या पुलाचा मनोरा. त्यामागे बाणांच्या झरोक्यांचा उंच मनोरा. शेवटी नगराच्या बाजूला सेनानायकाचा मुख्य मनोरा. दोन मनोऱ्यांच्या मध्ये चारही बाजूंनी भिंतींनी कोंडलेले अंगण असते. त्याला ‘वंगछंग’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘रांजणाचा कोट’. बाहेरचा दरवाजा फोडून शत्रू आत घुसला की तो या रांजणात सापडतो. पुढचा दरवाजा बंद, मागचा बंद होतो आणि चारही भिंतींवरून बाण बरसतात. रायगडासारख्या गडांवर गोमुखी वाटेने शत्रूला वळवून कोंडीत धरतात, त्यामागचे तत्त्वही हेच. येथे वळणाऐवजी पेटी आहे.

या अंगणात खाली उभे राहून वर पाहावे, आणि मग वर जाऊन त्याच अंगणात खाली पाहावे. अनेक प्रवासी कंपन्या पर्यटकांना थेट जिन्याने वर नेतात आणि हा अनुभव हुकतो. दक्षिण दरवाजाच्या या परिसरात आता तांगकालीन वेशभूषेतील स्वागतसोहळे केले जातात. १९९८ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन आणि मे २०१५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांचे स्वागत येथेच झाले. मिंग काळातल्या दरवाजात तांग काळातला पोशाख, ही विसंगती पाहुण्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

दक्षिणेकडील बाणांचा मनोरा आज नवाकोरा दिसतो. तो २०१४ मध्ये पुन्हा उभारण्यात आला. मूळचा मनोरा १९२६ च्या युद्धात जळाला, आणि त्या युद्धाविषयी तटावर फारसे कोणी सांगत नाही.

१९२६ चा वेढा

तोफा आणि विमाने आली तेव्हा जगभरातले कोट निरुपयोगी ठरले, असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. शीआनचा तट मात्र विसाव्या शतकातही एकदा शेवटपर्यंत लढला. १९२६ च्या एप्रिलमध्ये सरदार लिऊ झेनहुआ याने सत्तर हजारांवर सैन्यानिशी शहराला वेढा घातला. आतून बचाव करणाऱ्या दोन सेनानींच्या, यांग हूचंग आणि ली हूचन यांच्या, नावांत ‘हू’ म्हणजे वाघ हे अक्षर येत असल्याने ‘दोन वाघांनी राखलेले छांगआन’ असा वाक्प्रचारच रूढ झाला. वेढा आठ महिने चालला. बाहेरची उभी पिके जाळण्यात आली. आत आधी धान्य संपले, मग पेंड आणि कोंडा, मग जनावरे; शरद ऋतूच्या अखेरीस रस्त्यांवर प्रेते पडू लागली. तट पडला नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस फंग युश्यांग याच्या सैन्याने वेढा उठवला, तोवर सैनिक आणि नागरिक मिळून सुमारे ५० हजार माणसे मेली होती. ज्या भिंतीने शहर वाचवले तिनेच माणसांना आत कोंडले, हे या वेढ्याचे भीषण वास्तव आहे.

मृतांना शहराच्या ईशान्य भागात सामुदायिकरीत्या पुरण्यात आले आणि १९२७ मध्ये तेथे स्मारक म्हणून उद्यान करण्यात आले. तटाच्या आतच असलेले हे क्रांती उद्यान पर्यटकांच्या यादीत क्वचितच असते. सकाळी तेथे वृद्ध मंडळी व्यायाम करताना आणि पत्ते खेळताना दिसतात. दोन्ही बाजूंची समाधिस्थळे ओळखून पाहावी लागतात. पुढे याच यांग हूचंगने १९३६ च्या डिसेंबरमध्ये झांग श्युएलियांगच्या साथीने च्यांग कै-शेकला शीआनमध्ये कैद केले आणि चीनच्या इतिहासाला निराळे वळण लागले. जपानी बॉम्बफेकीच्या काळात नागरिकांनी तटाच्या पोटात आश्रयासाठी गुहा खोदल्या. युद्ध संपल्यावर त्यांतल्या कित्येकांत निराधार कुटुंबे राहू लागली.

कुदळीपासून बचाव

नव्या चीनच्या स्थापनेनंतर तटांचे दिवस भरले. वाहतुकीला अडथळा, सरंजामी काळाची खूण, विटांचा फुकटचा साठा अशा तिन्ही नजरांनी त्यांच्याकडे पाहिले गेले. राजधानी बीजिंगचा तट जतन करून त्याच्या माथ्यावर नागरिकांसाठी उद्यान करावे, असा आराखडा वास्तुतज्ज्ञ लियांग सिचंग यांनी मांडला होता. तो फेटाळला गेला, आणि टप्प्याटप्प्याने, शेवटी भुयारी रेल्वेच्या कामात, बीजिंगचा तट जवळजवळ नाहीसा झाला. शीआननेही १९५८ मध्ये तट पाडण्याचे ठरवले. विटा आणि माती काढून नेण्यास ठिकठिकाणी आरंभही झाला.

स्थानिक जाणकारांनी केंद्राकडे दाद मागितली. त्या वेळी मंत्रिमंडळाचे कामकाज पाहणारे आणि स्वतः शान्शीचे असलेले शी चोंगश्युन (सध्याचे अध्यक्ष शी जिनपिंग यांचे वडील) यांनी त्यात लक्ष घातले, आणि जुलै १९५९ मध्ये शीआनचा तट राखावा असा आदेश निघाला. मार्च १९६१ मध्ये राष्ट्रीय संरक्षित वास्तूंची पहिली यादी जाहीर झाली. १८० नावांच्या त्या यादीत शीआनचा तट होता. सांस्कृतिक क्रांतीच्या दशकात त्याची पुन्हा उपेक्षा झाली. खरी दुरुस्ती १९८३ पासून सुरू झाली. गुहा बुजवल्या गेल्या, खचलेले भाग बांधून काढले, गटार झालेला खंदक उपसला आणि तट व खंदक यांच्यामधल्या पट्ट्यात वृक्षराजीचे वर्तुळाकार उद्यान झाले. रेल्वेस्थानकासमोरचे भगदाड कमानी बांधून जोडले गेले ते २००४ मध्ये. तेव्हापासून तटाच्या माथ्यावरून शहराची अखंड प्रदक्षिणा शक्य झाली आहे.

बीजिंगला जे उद्यान कागदावरच राहिले ते शीआनला प्रत्यक्षात उतरले, असे म्हणता येईल. त्याची किंमतही दिसते. कित्येक मनोरे नवे आहेत, काही ठिकाणी भिंत इतकी गुळगुळीत आहे की ती कालपरवाच बांधल्यासारखी वाटते. रहदारीसाठी तटात नवे मार्ग पाडून दरवाजांची एकूण संख्या आता १८ झाली आहे. जुने आणि नवे यांतला फरक सांगणारे फलक अधिक असते तर बरे झाले असते.

प्रत्यक्ष फेरी

हा फरक जेथे डोळ्यांनी पाहता येतो अशी एक जागा दक्षिण तटाच्या पश्चिम भागात आहे, ती म्हणजे हानग्वांग दरवाजाचे संग्रहालय. तेथे तांग राजनगरीच्या मूळ दरवाजाचे अवशेष तटाच्या पोटातच जतन केले आहेत, आणि भिंतीचा उभा छेद काचेआड मोकळा ठेवला आहे. तळाशी तांग काळाचे थर, त्यावर नंतरची भर, त्यावर मिंग काळाची माती आणि शेवटी आधुनिक विटा असा हजार-बाराशे वर्षांचा हिशेब काही मीटरांत वाचता येतो. सायकलस्वार येथून सुसाट निघून जातात, हे दुर्दैव. वाटेत नैर्ऋत्येचा कोपराही पाहावा. इतर तीन कोपरे काटकोनी असताना हा एकच गोलाकार आहे आणि तो जुन्या नगरीचा वारसा असल्याचे सांगितले जाते.

दक्षिण तटावरून आत पाहिले की जुन्या पद्धतीची कौलारू छपरे आणि शिलालेखांचे संग्रहालय दिसते. १०८७ पासूनचा हा संग्रह ‘शिलालेखांचे अरण्य’ म्हणून प्रसिद्ध असून चीनमधील ख्रिस्ती पंथाची नोंद असलेली ७८१ ची शिला त्यातच आहे. वायव्य कोपऱ्याजवळ तिबेटी पंथाच्या ग्वांगरन मंदिराची सोनेरी छपरे अगदी खालीच येतात. उत्तर बाजू तुलनेने रुक्ष आहे. रेल्वेचे रूळ, बसतळ आणि उंच इमारती हेच तेथले दृश्य. ज्यांना पूर्ण फेरी करायची नसेल त्यांनी दक्षिण दरवाजापासून पश्चिम दरवाजापर्यंतचा टप्पा पायी करावा. पाहण्यासारखे बरेचसे त्यात येते.

सायकली दक्षिण दरवाजासह काही ठिकाणी भाड्याने मिळतात, दोघांनी चालवायच्या जोडसायकलीही असतात. पूर्ण फेरीला दीड ते दोन तास लागतात. विटांची फरसबंदी खडबडीत असल्याने हादरे बसतात, आणि पावसात घसरण होत असल्यामुळे सायकली देणे बंद ठेवतात. सायकल किती वेळात परत करायची हे घेतानाच विचारून घ्यावे. वर सावली जवळजवळ नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तापमान चाळिशीला टेकते, डिसेंबर-जानेवारीत ते शून्याखाली जाते आणि धुरकटही असते. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने उत्तम. त्यातही ऑक्टोबरचा पहिला आठवडा राष्ट्रीय सुटीचा असल्याने टाळावा. चिनी नववर्षाच्या दिवसांत दक्षिण दरवाजावर कंदिलांचा उत्सव भरतो. तो देखणा असतो, पण तेव्हा चालायलाही जागा नसते.

बीजिंगहून शीआन सुमारे १,२०० किलोमीटर असून वेगवान रेल्वेने साडेचार ते सहा तासांत पोहोचता येते. ही रेल्वे शहराबाहेरच्या उत्तर स्थानकात थांबते, तटाजवळच्या जुन्या स्थानकात नव्हे. तेथून भुयारी रेल्वेचा दुसरा मार्ग थेट दक्षिण दरवाजाच्या योंगनिंगमन स्थानकावर आणून सोडतो. भारतीय नागरिकांना व्हिसा आगाऊ घ्यावा लागतो. रेल्वेच्या तिकिटासाठी आणि बहुतेक प्रेक्षणीय स्थळांवर पासपोर्ट लागत असल्याने तो जवळ बाळगावा. छोट्या दुकानांतूनही मोबाइलवरूनच पैसे देण्याची पद्धत आहे, तेव्हा तशी सोय निघण्यापूर्वीच करून घ्यावी. शाकाहारी मंडळींनी ‘मांस नको’ हे चिनी लिपीत लिहून घेतलेले बरे. मुस्लिम वस्तीतल्या गल्ल्यांत पदार्थांची रेलचेल असली तरी मटणाचा वापर सर्वत्र आहे.

वर जाण्याची उत्तम वेळ सूर्यास्तापूर्वीचा दीड तास. दक्षिण दरवाजा रात्री उशिरापर्यंत खुला असतो, इतर बरेच दरवाजे त्याआधी बंद होतात, म्हणून फेरीचा शेवट दक्षिणेकडे येईल अशी आखणी करावी. अंधार पडला की चर्यांच्या कडेने दिवे लागतात. खाली खंदकाकाठच्या उद्यानात स्थानिक लोक छिनच्यांग हे शान्शीचे खड्या आवाजातले संगीतनाट्य गात बसलेले असतात, आणि ते वर तटापर्यंत ऐकू येते.